ड्यूटी लिस्ट बघितल्याशिवाय होकार देऊ नकोस

‘ताई, मी २९ वर्षांची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली नर्स. नेरळजवळच्या गावात सासरी राहते. नेरळमध्येच २० खाटांच्या नर्सिंग होममध्ये सहा वर्षं आहे, पगार १५,०००. स्कूटीनं पंधरा मिनिटांत पोचते. आता परळच्या एका मोठ्या रुग्णालयात आयसीयूसाठी निवड झालीय. हातात ३२,००० येतील. पण दारापासून वॉर्डापर्यंत सव्वादोन तास, आणि लोकलच्या गर्दीची भीती वाटते. ड्यूटी ७ ते ३, १ ते ९ आणि नाईट ९ ते ७. मुलगा चार वर्षांचा आहे. मिस्टर खोपोलीला कंपनीत, त्यांनाही शिफ्ट. रात्री स्टेशनवर न्यायला येईन म्हणतात. मुलाला सासूबाई बघतात, पण म्हणतात, “पोराला आई पाहिजे की पैसा?” मला आयसीयू शिकायचंय. आठ दिवसांत कळवायचंय. काय करू?’

प्रिय सिस्टर,

तुझं पत्र वाचून मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. मी अंबरनाथहून अकरा वर्षं मुंबईत ड्यूटीला गेले. तुझ्यापेक्षा जवळ, तरी ते दिवस अंगात अजून आहेत.

आधी पैशाचं बोलू, कारण त्यावरून तुला घरात ऐकून घ्यावं लागतंय. १७,००० जास्त मिळणार. पास, स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा, बाहेरचा चहा-नाश्ता हे सगळं वजा करून १३,५०० उरतील असं धरू. रोज चार तास जास्त, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १०४ तास. प्रवासाच्या एका तासाला साधारण १३० रुपये पडतात. आज तू वॉर्डात उभं राहून तासाला ७२ रुपये मिळवतेस. म्हणजे पैशाचा हिशेब सरळ तुझ्या बाजूचा आहे, आणि घरात तो मान खाली न घालता मांड.

त्या १५,०००बद्दलही एक सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निकालानंतर केंद्र सरकारनं समिती नेमली होती. पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० मिळावेत, अशी तिची शिफारस होती. ती शिफारसच आहे, सक्ती नाही. पण सहा वर्षं राबलेल्या बाईनं डॉक्टरांसमोर बसून हा आकडा मागायला काहीच हरकत नाही. परळला गेलीस किंवा नाही गेलीस, तरी तो एकदा माग.

गर्दीची भीती तू लिहिली आहेस. त्यात थोडी सवलत आहे. मॉर्निंगला पहाटेची लोकल पकडशील, तेव्हा बसायला मिळेल. तीनला सुटलीस तर संध्याकाळच्या गर्दीआधी निघशील. नाईटला तर जाताना आणि येताना दोन्ही वेळा तू लोंढ्याच्या उलट दिशेनं असशील. खरा त्रास इव्हिनिंगचा. साडेनऊला दादरला कर्जत फास्टमध्ये चढायचं, डोंबिवली-कल्याणपर्यंत कुणाला तरी ‘कुठे उतरणार?’ विचारत उभं राहायचं. ती गाडी चुकली की बदलापूरपर्यंतच्या गाड्या येत राहतात आणि त्यांचा तुला काही उपयोग नसतो. रात्री साडेअकराला नेरळ स्टेशनबाहेर तुझ्या गावाची शेअर रिक्षा मिळेल का? मिस्टर न्यायला येतील म्हणतेस, पण त्या आठवड्यात त्यांची नाईट असली तर?

आता मी ज्या गोष्टीसाठी हे उत्तर लिहायला बसले, तिच्याकडे येते. इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग. बऱ्याच ठिकाणी स्टाफ कमी पडला की ही अशी लावतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही, कारण कागदावर मध्ये दहा तास दिसतात. तुझ्यासाठी ते दहा तास कुठे जातात बघ. नऊला ड्यूटी संपली, ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या नर्सच्या हाती पेशंट सोपवून, निघायला नऊ वीस. घरी पावणेबारा. सातला आयसीयूत ओव्हर घ्यायची तर पहाटे सव्वाचारला घर सोडायचं. घरात राहिलीस साडेचार तास. त्यात हात-पाय धुणं, दोन घास, मुलाच्या अंगावर पांघरूण घालणं आणि पहाटेची आंघोळ वजा कर. झोप जेमतेम तीन तास.

अशाच एका इव्हिनिंग-मॉर्निंगला मी एका पेशंटचं इंजेक्शन भरून दुसऱ्याच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं. नाव वाचलं होतं, बेड नंबर वाचला होता, तरी ठेवलं. शेजारच्या स्टाफनं लेबल पाहून माझा हात धरला. त्या माणसाला काही झालं नाही. पण मी स्टोअरमध्ये जाऊन रडले आणि त्यानंतर वर्षभर प्रत्येक अँप्यूल तीनदा वाचत होते. आयसीयूत तुझ्या हातात इनोट्रोप्सचे, म्हणजे हृदयाला जोर देणाऱ्या औषधांचे, पंप असतील, पोटॅशियम असेल. तिथे तीन तासांच्या झोपेवर उभं राहायचं नसतं. हे मी तुझ्या मुलासाठी सांगत नाही, बेडवरच्या माणसासाठी सांगतेय. आणि तुझ्यासाठीही, कारण अशी चूक झाली तर ती तुला जन्मभर जगू देणार नाही.

म्हणून आठ दिवसांत एकच काम कर. मेट्रनना, म्हणजे तिथल्या नर्सिंगच्या प्रमुखांना, भेट आणि आयसीयूची मागच्या दोन महिन्यांची ड्यूटी लिस्ट दाखवा म्हण. यात भीड बाळगू नकोस. इव्हिनिंगनंतर मॉर्निंग किती वेळा लागते, डबल ड्यूटी किती वेळा करावी लागते, नाईटनंतर ऑफ मिळतो की नाही, सगळं त्या कागदावर दिसेल. आठ ते आठ अशी बारा तासांची ड्यूटी, आठवड्याला चार, मिळते का विचार. मिळाली तर आठवड्याचा प्रवास २७ तासांवरून १८वर येतो आणि तीन दिवस पूर्ण मुलाचे राहतात. तेही नसेल, तर उशीर झाला की झोपायला हॉस्टेल किंवा रेस्ट रूममध्ये खाट मिळेल का ते विचार. पावसाळ्यात ती खाट लागणारच. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, आठवते ना? तो तुझाच रूळ आहे.

यातलं काहीतरी एक लेखी मिळालं, तर जा. माझा पाठिंबा आहे. दोन वर्षं म्हणून जा आणि घरात तसंच सांग. सहा वर्षं तू ड्रेसिंगपासून बिलापर्यंत सगळं केलंस, पण व्हेंटिलेटरवरचा पेशंट सांभाळायला तिथे मिळणार नाही. दोन वर्षांचा आयसीयूचा अनुभव गाठीला असला की कल्याण-ठाण्याची रुग्णालयं तुला स्वतःहून विचारतील, आणि कल्याण तुझ्यापासून पाऊण तासाच्या आत आहे. मूळ प्रमाणपत्रं आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मात्र जमा करायला सांगितलं तर देऊ नकोस. झेरॉक्स दे, मूळ दाखव आणि परत घे. अमुक वर्षं नोकरी सोडणार नाही असा बाँड असेल, तर सोडताना किती पैसे भरावे लागतील ते वाचल्याशिवाय सही नको.

यातलं काहीच द्यायला ते तयार नसतील, तर नाही म्हण. मन दुखेल, माहीत आहे. पण मग याच आठवड्यात कल्याण-डोंबिवलीला अर्ज टाक. तिथे २४-२५ हजार मिळाले तरी ते तुझ्यासाठी या ३२,०००पेक्षा जास्त आहेत.

सासूबाईंच्या बोलण्याचा राग धरू नकोस. सगळा भार त्यांच्यावर येणार आहे आणि पैसा की आई हे विचारताना त्या कदाचित ‘माझं काय?’ एवढंच विचारत असतील. त्यांचे गुडघे कसे आहेत, दुपारी त्यांना पडायला मिळतं का, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. वाढलेल्या पैशातून धुण्या-भांड्याला बाई लाव, आणि ते जॉइन व्हायच्या आधीच ठरव.

येत्या ऑफला एक करून बघ. पहाटे सव्वाचारला घर सोड, परळपर्यंत जा, रुग्णालयाच्या दारात उभी राहा. दिवस बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे काढ आणि रात्री साडेनऊची दादरहून पकड. मिस्टरांना सोबत ने. नेरळला उतरल्यावर दोघांनी घरापर्यंत कसं पोचता ते बघा. आणि ड्यूटी लिस्ट मिळाली की मला कळव, आपण ती मिस्टरांच्या शिफ्टशेजारी ठेवून एकत्र वाचू.

तुझी,
ताई