क्रॉफर्ड मार्केटमध्ये मुलांना स्केचिंगला नेताना

दुरुस्तीनंतरचं क्रॉफर्ड मार्केट काढायला चित्रकलेचे विद्यार्थी न्यायचेत आणि परवानगीसाठी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतायत, हे तुमचं लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. मीही चित्रकला शिकवते, याच फेऱ्यातून गेले आहे. जायचं कसं वगैरे सांगत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच.

आधी अर्ज पाहा. सामानाच्या यादीत कॅमेरा किंवा स्टँड आहे का? आम्ही पेन्सिली, बोर्ड आणि एक कॅमेरा स्टँड लिहिला होता. जिथे अर्ज दिला त्या कार्यालयानं तेवढ्यावरून तो शूटिंगच्या अर्जांत टाकला. मग अनामत रक्कम, हमीपत्र, शूटिंगच्या तारखा, युनिटमध्ये माणसं किती! मुलं बसून चित्रं काढणार आहेत, स्टँड आणतच नाही, असं परोपरीनं सांगितलं. उत्तर आलं, नवा अर्ज करा. नवा दिला तर म्हणाले, जुना निकाली निघाल्याशिवाय घेता येत नाही. परवानगी लागतच नाही की नाकारली आहे, हेही कोणी लिहून देईना.

आंब्याच्या दिवसांत जायचं होतं. पेट्या, गवत, फळांचे ढीग, मुलांना तेच काढायचं होतं. प्रत्यक्ष गेलो तेव्हा आंबा संपला होता, पाऊस सुरू झाला होता आणि त्या वर्षीचं काम सादर करण्याची मुदतही उलटून गेली होती. याचा राग मला आजही येतो. सार्वजनिक पैशातून वारसा वास्तू दुरुस्त करायची आणि तिचं चित्र काढायला आलेल्या मुलांना दाराबाहेर थांबवायचं, हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून माझा सल्ला असा (मी वकील नाही, नियम बदलतात, स्वतः खात्री करा). पहिल्याच ओळीत लिहा: पेन्सिल आणि वही, स्टँड नाही, वाट अडवणार नाही. अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका. बारनिशीत (आवक-जावक विभागात) द्या, आवक क्रमांक आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. 'परवानगी कोणत्या नियमाखाली लागते ते लेखी कळवावे' हे वाक्य घालाच. माहिती अधिकाराचा मार्ग आहे, पण त्याची मुदत ३० दिवसांची, तेवढ्यात हंगाम जातो.

आणि एक गोष्ट माझ्या मते कागदापेक्षा मोठी आहे. आदल्या आठवड्यात एकट्या जाऊन गाळेवाल्यांना विचारून या. दुरुस्तीच्या काळात धंद्याची ओढाताण त्यांनीच सोसली आहे. आम्हाला जागा करून दिली ती एका फळवाल्या काकांनी. मुलांना चार-पाचांच्या गटांत बसवा, हमालांची वाट मोकळी ठेवा, निघताना थोडीफार फळं विकत घ्या.

आत शिरायची घाई मात्र नको. प्रवेशकमानींवरची शेतकऱ्यांची कोरीव शिल्पं समोरच्या फुटपाथवरूनच नीट दिसतात. ती लॉकवुड किपलिंग यांची. ते १८६५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या कलाशाळेत शिकवायला आले. मंडई १८६९ ची, आराखडा विल्यम इमर्सन यांचा. जे. जे. तिथून हाकेच्या अंतरावर आहे. शिकवणाऱ्याचं काम वर्गाजवळच्या मंडईवर लागलंय, हे मुलांना तिथेच उभं करून सांगा. आतलं कारंजंही इमर्सन-किपलिंग जोडीचंच. अनेक वर्षं ते दुकानांच्या गराड्यात आणि ऑइलपेंटखाली होतं, त्यामुळे कोरीव काम डोळ्यांत भरत नसे. एका गटाला फक्त तेच द्या.

घाऊक फळबाजार १९९६ मध्ये नवी मुंबईला गेला, त्यामुळे जुन्या फोटोंतल्या गर्दीची अपेक्षा ठेवून जाऊ नका. तरी सकाळी लवकर गेलात तर बरं. नंतर समोरच्या चौकातल्या रहदारीमुळे मुलांना सांभाळणं कठीण जातं.

रंग नेणार असाल तर दगडासाठी दोनच पुरतात. कुर्ल्याचा पिवळसर दगड यलो ऑकरमध्ये येतो, वसईचा तांबडा बर्न्ट सिएनामध्ये. रंगाचं पाणी टाकायला झाकणाची बरणी न्या. तिथल्या फरशीवर ओतू देऊ नका.