टेपबरोबर रंग का निघतो?

प्रश्न : १:४८ प्रमाणातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलवर नॉर्मंडीच्या लढाईतले काळे-पांढरे पट्टे मास्किंग टेप लावून (न रंगवायचा भाग झाकून) रंगवले. टेप काढताना खालचा पांढरा रंग पोपड्यासारखा थेट प्लास्टिकपर्यंत निघून आला. टेप तर तामिया या मॉडेलच्या सामानाच्या नावाजलेल्या कंपनीचीच होती. कुठे चुकलं?

उत्तर : टेपला दोष देऊ नका. रंगाने प्लास्टिकला धरलेलंच नव्हतं, ते टेप काढल्यावर कळलं एवढंच. साच्यातून भाग सहज सुटावेत म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश प्लास्टिकवर राहू शकतो. त्यात घासकामाची भुकटी आणि आपल्या बोटांचं तेल मिसळतं. सगळे भाग कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण आणि मऊ टूथब्रशने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि जोडणी झाल्यावर रंगाआधी पुन्हा एकदा पुसून घ्या.

मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर. मिस्टर सरफेसरसारखा लॅकर (उग्र वासाच्या थिनरमधला) प्रायमर मी इथे आग्रहाने सुचवेन. त्यातलं थिनर पॉलिस्टायरिनचा, म्हणजे मॉडेलच्या प्लास्टिकचा, पृष्ठभाग किंचित मऊ करतं, त्यामुळे थर घट्ट बसतो. नाकातोंडावर मास्क लावून, खिडकी उघडी ठेवूनच मारा.

जून १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या एक इंजिनाच्या विमानांवर तीन पांढरे आणि दोन काळे पट्टे होते, प्रत्येक १८ इंच रुंद. १:४८ मध्ये ते साधारण ९.५ मिमी होतात. आधी पाचही पट्ट्यांची जागा पांढरी करा, एक दिवस वाळू द्या, मग पांढऱ्या तीन पट्ट्यांवर त्याच रुंदीच्या टेपच्या पट्ट्या लावून काळा मारा. पांढरा रंग झाकत नाही म्हणून एकाच वेळी जाड थर देण्याचा मोह होतो. जाड थर आतून ओला राहतो आणि तोच आधी सुटतो. पातळ थर तीन-चार वेळा द्या.

प्रश्न : घरात लहान मूल आहे, त्यामुळे लॅकरचा वास नको. पाण्याचा प्रायमर वापरला तर मास्किंग करायचंच नाही का?

उत्तर : करा, पण जास्त सांभाळून. पाण्याचे अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकमध्ये मुरत नाहीत, वर पातळ पापुद्रा धरतात. म्हणून धुणं इथे दुप्पट महत्त्वाचं. टेप आधी स्वच्छ काचेवर दोन-तीनदा चिकटवून काढा, म्हणजे तिचा जोर कमी होतो. हाताच्या पाठीवर चिकटवण्याची पद्धत मला पटत नाही, तिथलं तेल टेपला लागतं. मोठा भाग झाकायचा असेल तर टेप फक्त कडेला लावून बाकी कागदाने झाका. आणि आधी विमानाच्या पोटाखाली, न दिसणाऱ्या जागी, टेप लावून बघा.

प्रश्न : रत्नागिरीत पावसाळ्यात रंग दोन दिवसांनीही चिकट वाटतो. मास्किंग कधी करावं?

उत्तर : हाताला कोरडा लागणं आणि आतून पक्का होणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत. दमट हवेत पाण्याचे रंग फार सावकाश सुकतात. मॉडेल झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. नाक जवळ नेऊन हुंगा : रंगाचा वास येत असेल तर अजून थांबा. एनॅमलला (तेलाच्या रंगाला) तर अनेक दिवस लागतात. मुसळधार पावसात लॅकर मारू नका, हवेतल्या ओलाव्याने तो पांढुरका पडतो.

प्रश्न : टेप कशी ओढावी?

उत्तर : वर उपटू नका. टोक मागे दुमडून, टेप स्वतःच्याच पाठीवरून, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून सावकाश ओढा. वरचा रंग जाड असेल तर तो टेपवरून मॉडेलपर्यंत एकसंध पसरतो आणि कडेचा तुकडा ओढून घेतो. कॉकपिटच्या काचेच्या चौकटींवर हे हमखास होतं, शिवाय तिथे प्रायमरही नसतो किंवा अगदी पातळ असतो. टेपच्या कडेने धारदार ब्लेड हलकेच फिरवा, मग उचला. फवारणी झाल्यावर टेप रात्रभर तशीच ठेवू नका.

प्रश्न : नाण्याएवढा रंग निघालाच, आता?

उत्तर : पक्का वाळू द्या. मग १५०० ते २००० ग्रिटचा पॉलिश पेपर ओला करून खड्ड्याची कड घासा, बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. उघड्या प्लास्टिकवर प्रायमर, त्यावर मूळ रंगाचे पातळ थर. कडेने अजून रंग हलत असेल तर तेवढ्यावर थांबू नका, सुटणारा सगळा भाग टेपनेच काढून टाका आणि तिथून सुरुवात करा.