लग्नानंतर पगार कमी का झाला?

लग्नाला तीन महिने झालेलं एक जोडपं फेब्रुवारी २०२६ ची पगारपत्रकं घेऊन आमच्याकडे समुपदेशनाला आलं. दोघंही पुण्यात नोकरीला. तिचा वर्षाचा पगार १५ लाख, त्याचा २८ लाख. जानेवारीपासून तिच्या हातात दरमहा सुमारे नऊ हजार रुपये कमी पडत होते. सासरी सगळ्यांनी निष्कर्ष काढून टाकला होता: "लग्न झालं की दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात, म्हणून कर वाढला." तिला त्यापेक्षा टोचत होतं ते पुढचं वाक्य: "मग नोकरी करून उपयोग काय?"

हा समज फार जणांचा आहे आणि तो मुळातच चुकीचा आहे. आपल्याकडे आयकर माणसाला लागतो, जोडप्याला नाही. तिचा पॅन वेगळा, त्याचा वेगळा, आणि दोघांचे टप्पेही स्वतंत्र मोजले जातात. लग्नाच्या दाखल्यामुळे पगारावरचा कर एका रुपयानेही हलत नाही. मग नऊ हजार गेले कुठे? तिची डिसेंबर आणि जानेवारीची पगारपत्रकं शेजारी ठेवल्यावर कारण सापडलं.

तिने ऑफिसला जुनी करप्रणाली (सूट-वजावटी जास्त, पण दरही चढे) कळवली होती. मूळ पगार महिना ५० हजार, घरभाडे भत्ता २० हजार, फ्लॅटचं भाडं २५ हजार. भाड्यातून मूळ पगाराचा दहावा हिस्सा वजा केला की २० हजार उरतात, म्हणजे पूर्ण भत्ता करमुक्त. एप्रिलमध्ये तिने बारा महिन्यांचं भाडं जाहीर केलं. त्याप्रमाणे प्रमाणित वजावट ५० हजार, भत्ता २ लाख ४० हजार, कलम ८०सी खालच्या गुंतवणुकीचे दीड लाख आणि व्यवसाय कर अडीच हजार वजा जाऊन करपात्र रक्कम १०,५७,५०० आणि उपकरासह कर १,३४,९४० रुपये झाला. ऑफिस दरमहा ११,२४५ कापत होतं.

नोव्हेंबरअखेर तिने फ्लॅट सोडला. डिसेंबरात लग्न झालं आणि ती नवऱ्याच्या स्वतःच्या मालकीच्या घरी राहायला गेली. जानेवारीत पुरावे मागितले तेव्हा भाड्याच्या पावत्या आठच महिन्यांच्या निघाल्या. चार महिन्यांचे ८० हजार पुन्हा करपात्र झाले आणि त्यावर ३१.२ टक्क्यांनी (३० टक्के अधिक उपकर) २४,९६० रुपये कर वाढला. ऑफिसच्या हातात वर्षाचे तीनच पगार उरले होते, म्हणून दर महिन्याला ८,३२० जादा कापले गेले. नवऱ्याला ऑफिसच्या आरोग्य विम्यात घेतल्याचा हप्ता महिना ६५०. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० असतो, ते शंभर वेगळे. ते लग्न न झालेल्यांचेही जातात. घर बदलल्याच्या दिवशीच ऑफिसला कळवलं असतं तर वाढीव कर डिसेंबरपासून चार महिन्यांत विभागला गेला असता. रक्कम तीच राहिली असती, पण एकदम टोचली नसती.

खरा धक्का मात्र पुढच्या आकड्यात होता. तिला जुनी प्रणाली परवडतच नव्हती. नव्या प्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र रक्कम १४,२५,००० होते. पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चार लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या चार लाखांवर १० टक्के आणि उरलेल्या सव्वादोन लाखांवर १५ टक्के. एकूण ९३,७५०, उपकरासह ९७,५०० रुपये. म्हणजे महिना ८,१२५. बारा महिने भाडं धरूनसुद्धा जुनी प्रणाली तिला ३७ हजारांहून जास्त महाग पडत होती. "जुनीच ठेव, घरभाड्याची सूट मिळते" हा सल्ला तिने नोकरीच्या सुरुवातीला ऐकला आणि दरवर्षी तोच पर्याय निवडत राहिली. ही चूक आम्हाला वारंवार दिसते. सूट मिळते एवढंच माणूस पाहतो, उरलेल्या रकमेवरचा दर पाहत नाही.

ऑफिसने वर्षभरात कापलेले १,५९,९०० बुडाले नाहीत. पगारदाराला, व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर, विवरणपत्र भरताना प्रणाली बदलता येते. ३१ जुलैच्या आत नव्या प्रणालीने विवरणपत्र भरलं की ६२,४०० रुपये परतावा. तो मार्चच्या पगारात मिळत नाही आणि ऑफिस वर्षाच्या मध्येच सहसा प्रणाली बदलून देत नाही, हे तिला स्पष्ट सांगितलं.

मग नवऱ्याने त्याचा बेत काढला. त्याची २० लाखांची मुदतठेव, ७ टक्क्यांनी वर्षाला १ लाख ४० हजार व्याज. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणून त्यावर उपकरासह ४३,६८० कर. ठेव बायकोच्या नावावर केली तर १५ टक्क्यांनी, उपकरासह २१,८४०, निम्मी बचत. कल्पना कुठून आली? तिच्या मामांकडून. मामा गोव्यातल्या फोंड्याचे, त्यांच्या घरी व्याज नवराबायकोत निम्मं निम्मं लागतं.

मामांचं खरं आहे, पण ते गोवा, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीपुरतं. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेनुसार नवराबायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणून आयकर कायद्याप्रमाणे (मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या कायद्यात कलम ५ए) भाडं, व्याज, धंद्याचा नफा दोघांत निम्मा वाटला जातो आणि टीडीएसचं, म्हणजे आधीच कापलेल्या कराचं, श्रेयही तसंच वाटायचं असतं. पगार मात्र ज्याचा त्याचाच. अशा जोडप्यांना आयटीआर-१ हे साधं विवरणपत्र चालत नाही. ५ए चा तक्ता असलेलं विवरणपत्र भरावं लागतं. लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केला असेल तर हे वाटपही नाही.

पुण्याच्या या जोडप्याला त्याच कायद्याचं कलम ६४ लागत होतं. मोबदला न घेता बायकोला दिलेल्या पैशाचं उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मोजलं जातं. भेट दिली म्हणून तिला कर लागत नाही, पण व्याज त्याचंच. बचत शून्य, वर डोकेदुखी: बँक तिच्या पॅनवर १० टक्के, म्हणजे १४ हजार टीडीएस कापणार, व्याज तिच्या वार्षिक माहिती विवरणात दिसणार, आणि ते त्याने आयटीआर-२ च्या एसपीआय तक्त्यात (दुसऱ्याचं उत्पन्न आपल्यात धरायचा तक्ता) दाखवलं नाही तर नोटीस येण्याची शक्यता. साखरपुड्यानंतर, लग्नाआधी पैसे द्यायला हवे होते का, असंही त्याने विचारलं. तेव्हा तो कायद्याने नातेवाईक नव्हता. लग्नानिमित्तची भेट म्हणून सिद्ध झाली नसती तर रक्कम ५० हजारांच्या वर असल्याने ती सगळीच्या सगळी तिचं उत्पन्न ठरली असती. सासूने सुनेच्या नावे ठेव केली तरी व्याज सासूचंच धरतात; सासूचं उत्पन्न करपात्र नसेल तर मात्र काही बिघडत नाही.

सरळ मार्ग साधा आहे. घरखर्च, वीजबिल, किराणा, सोसायटीचा देखभाल खर्च त्याच्या पगारातून करायचा आणि तिचा पगार तिच्याच खात्यातून तिच्या नावे गुंतवायचा. पैसा तिच्या कष्टाचा, म्हणून व्याजही तिचं आणि दर १५ टक्के. फक्त संयुक्त खात्यातून फिरवायचा नाही, नाहीतर चार वर्षांनी कोणाचा पैसा कोणता हे सिद्ध करता येत नाही.

आहेराचं दोघांनाही विचारायचं होतं. लग्नात वधूवरांना मिळालेला आहेर कितीही असो, करमुक्त. त्यावर पुढे मिळणारं व्याज मात्र करपात्र. एकाच व्यक्तीकडून रोख दोन लाख किंवा जास्त घेतले तर तेवढाच दंड होऊ शकतो, म्हणून मोठी रक्कम चेकनेच घ्यावी. आहेराची वही फेकू नये.

भविष्यनिर्वाह निधीचं नामनिर्देशन लग्नानंतर दोघांनीही नव्याने केलं नव्हतं. लग्नाआधी आईचं नाव लावलेलं असतं, ते लग्नानंतर रद्द होतं. यूएएन (निधीचा सभासद क्रमांक) पोर्टलवर दोघांनी ते आता भरलं. ग्रॅच्युइटीचा अर्ज ऑफिसात वेगळा द्यावा लागतो.

शेवटी आडनावाचा प्रश्न. ते बदलणं बंधनकारक नाही. बदलायचं असेल तर पॅन क्रमांक तोच राहतो, फक्त दुरुस्तीचा अर्ज करायचा. नवा पॅन काढला तर दोन पॅन ठेवल्याबद्दल १० हजारांचा दंड होऊ शकतो. क्रम आधार, मग पॅन, मग बँक, मग यूएएन. मधेच अडकलं आणि पॅनवरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळलं नाही तर परतावा अडकतो. तिने ठरवलं, ६२,४०० रुपये जुन्या नावाच्या खात्यात आधी जमा होऊ देत, आडनावाचं नंतर पाहू.