द्राक्षबागेतल्या मिनी ट्रॅक्टरला मागचे टायर कोणते घ्यावेत?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: निफाड तालुक्यात काळ्या जमिनीत द्राक्षबाग, दोन ओळींत ९ फूट अंतर, २४ एचपीचा फोर व्हील (इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारा) मिनी ट्रॅक्टर. मागचे ८.३-२० चे टायर गुळगुळीत झालेत. दुकानदार सांगतो, एक साइज मोठे ९.५-२० टाका. शेजारी सांगतात, भाताचे टायर टाका, म्हणजे ऑक्टोबरच्या पावसात ट्रॅक्टर रुतणार नाही.

माझं उत्तर: दोन्ही नको. कंपनीने दिलेल्या मापाचेच, साध्या शेतीच्या नक्षीचे, म्हणजे आर-१ प्रकारचे नवे टायर घ्या. मीही द्राक्षवालाच आहे आणि माझीही जमीन काळीच आहे, त्यामुळे कारणं जरा सविस्तर सांगतो.

बागेतला ट्रॅक्टर वर्षभर काय काय करतो ते बाजूला ठेवा. उन्हाळ्यात रोटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) मारताना कुठलाही टायर चालतो. टायरची परीक्षा होते गोडी छाटणीनंतर (फळासाठीची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी), पोंग्यापासून, म्हणजे डोळे फुटायला लागल्यापासून, फुलोऱ्यापर्यंत. परतीचा पाऊस रात्री पडून गेलेला असतो, पानं ओली, डावणी या बुरशीच्या रोगाची भीती, आणि सकाळी फवारणी टाळता येत नाही. जमीन वापशावर यायची, म्हणजे कामाजोगी सुकायची, वाट बघितली तर घड हातचे जातात. त्या सकाळी भरलेला ब्लोअर (पंख्याने औषध फवारणारं टाकीचं यंत्र) घेऊन ट्रॅक्टर ओळीत शिरला पाहिजे, बाहेर आला पाहिजे, आणि मागे मुळ्यांची वाट लागता कामा नये. टायर त्या सकाळसाठी निवडायचा.

भाताच्या टायरबद्दल आधी बोलतो, कारण शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. आर-२ म्हणजे भाताच्या टायरचे लग (नक्षीच्या उंच पट्ट्या) साध्या टायरच्या जवळपास दुप्पट उंच असतात आणि त्यांच्यात अंतरही जास्त. काळी चिकट माती त्यांच्यात भरून राहत नाही, पकड चांगली मिळते. पण भाताच्या खाचरात चिखलच करायचा असतो, आणि पीक निघाल्यावर ते रान पुन्हा नांगरलं जातं. बागेत आपण वर्षानुवर्षं त्याच दोन चाकोऱ्यांतून जातो. उंच लग दर फेरीला चाकोरी खोल उकरत नेतात, मग तिथे पाणी साचतं आणि पुढची फेरी त्याहून अवघड होते. शिवाय क्रेट भरलेली ट्रॉली पिंपळगावपर्यंत डांबरी रस्त्याने न्यायची असेल तर हे टायर भराभर झिजतात आणि गाडी हादरे देत चालते. इंटरनेटवर परदेशातल्या गार्डन ट्रॅक्टरला बसवलेले चपट्या नक्षीचे टायर दिसतात, ते हिरवळ कापायच्या कामाचे. आपल्या ओल्या काळीत ते जागच्या जागी फिरतील.

आता ९.५-२० चं. यात ८.३ किंवा ९.५ म्हणजे टायरची रुंदी इंचात आणि २० म्हणजे रीमचा व्यास. दुकानदार म्हणेल रीम तीच, बसतो. एक तर ९.५ ला शिफारस असते ती थोड्या रुंद रीमची. पण खरी अडचण वेगळी आहे. टायर रुंद झाला की उंचही होतो. ८.३-२० च्या जागी ९.५-२० घातला तर व्यास साधारण ५ सेंमीने वाढतो, म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी १५ सेंमीहून जास्त पुढे जाते. फक्त मागची चाकं ओढणाऱ्या टू व्हील ट्रॅक्टरला हे एक वेळ खपून जातं. तुमचा फोर व्हील आहे. त्यात पुढची आणि मागची चाकं गिअरने एकमेकांना बांधलेली असतात, आणि पुढची चाकं मागच्यापेक्षा जेमतेम १ ते ५ टक्के जास्त धावतील असं ते गणित बसवलेलं असतं. मागचं चाक ५-६ टक्के मोठं झालं की गणित उलटतं: मागची चाकं ढकलतात आणि पुढची ओढायच्या ऐवजी ब्रेक लावल्यासारखी घासत चालतात. पुढचे टायर लवकर जातात आणि ताण पुढच्या एक्सलच्या गिअरवर येतो. त्या गिअरचं काम निघालं तर टायरच्या किमतीची आठवणही राहणार नाही.

याच कारणाने पुढचे टायरही नीट बघा. मागचे नवे आणि पुढचे अर्धे झिजलेले असले तरी तोच घोटाळा लहान प्रमाणात होतो, कारण लग झिजले की चाकाचा घेर कमी होतो. पुढच्यांचे लग निम्म्याच्या खाली आले असतील तर यंदाच चारही बदला. पैसे एकदम जातात हे मान्य, पण फोर व्हीलमध्ये जोडी-जोडीने बदलणं महागात पडतं. आणि डांबरी रस्त्यावर फोर व्हीलचा दांडा बंदच ठेवा, म्हणजे पुढची चाकं मोकळी राहतील.

रुंद टायरचा आणखी एक तोटा ९ फुटी बागेत दिसतो. जागा कागदावर भरपूर वाटते, पण दोन्ही बाजूंचे बोद (वेलींच्या ओळीखालचे मातीचे उंच वरंबे) धरले तर चाकाला सपाट पट्टा किती उरतो ते टेप लावून मोजा. टायरची बाहेरची कड बोदाच्या उतारावर चढली की तिथलीच पांढरी मुळी दबते, आणि वेल अन्न घेतो तो तिच्यातूनच. टायरचा शोल्डर, म्हणजे बाहेरची कड, आणि बोदाचा पाय यांत निदान वीतभर अंतर राहावं असं मला वाटतं.

मग रुतण्याचं काय? त्याचं उत्तर टायरच्या मापापेक्षा हवेत आणि वजनात जास्त आहे. बहुतेक मिनी ट्रॅक्टर पंक्चरवाल्याने भरलेल्या हवेवर वर्षभर चालतात, आणि तो रस्त्याच्या हिशोबाने टायर टणक करून देतो. टणक टायरची जमिनीला टेकणारी जागा कमी होते, तो खोल जातो आणि घसरतो. ट्रॅक्टरच्या पुस्तकात शेतातल्या कामासाठी वेगळा आकडा दिलेला असतो, मागच्या चाकाला बऱ्याचदा तो १२ ते १८ पीएसआयच्या आसपास असतो. तुमच्या मॉडेलचा आकडा बघा आणि फवारणीच्या हंगामात तोच ठेवा. साधं गेज घरात हवंच. ट्रॉली जोडून रस्त्याला लागायच्या आधी मात्र हवा वाढवा. चाकात पाणी भरायचा सल्लाही मिळेल. नांगराला, चढावरच्या ट्रॉलीला ते ठीक आहे, ओल्या बागेत जादा वजन कशाला न्यायचं?

एक गोष्ट जमिनीवर बसून बघा. चाकोरीत आणि तिच्यापासून दोन फुटांवर, अशी दोन ठिकाणी कुदळीने वीतभर खोल माती उकरा. चाकोरीतली माती ढेकळासारखी, कडा चकचकीत आणि मुळी चपटी होऊन आडवी वळलेली दिसली, तर जमीन दबलीय आणि नुसता टायर बदलून काम भागणार नाही. वरचा थर किती दबतो हे मुख्यतः हवेवर ठरतं, खोलवर किती दबतो हे एक्सलवरच्या एकूण वजनावर.

म्हणून ब्लोअरकडे या. ओढायच्या ६०० लिटरच्या ब्लोअरमध्ये नुसतं पाणीच ६०० किलो असतं, आणि ते बहुतेक दोन लहान, अरुंद, टणक भरलेल्या चाकांवर उभं असतं. ती चाकं ट्रॅक्टरच्याच चाकोरीतून मागून येतात. अनेक बागांत ट्रॅक्टर निघून गेलेला असतो आणि रुतलेला असतो तो ब्लोअर. शिव्या मात्र ट्रॅक्टरच्या टायरला. रुंद टायरवर पैसे घालायचेच असतील तर ब्लोअरला घाला. तिथे गिअरचं गणित नाही, फक्त एक्सल आणि मडगार्डला जागा पुरली पाहिजे. आणि पावसानंतरच्या फवारणीला टाकी अर्धीच भरा. फेऱ्या वाढतील, वेळ जाईल, पण चाकोरी वाचेल. माती मुठीत दाबून बघा: गोळा होऊन बोटांचे ठसे चमकत असतील तर भरली टाकी ओळीत नेऊच नका.

खरेदीबद्दल थोडं. बीकेटी, सिएट, एमआरएफ, अपोलो यांपैकी ज्याचं तुमचं माप जवळच्या दुकानात मिळतं आणि वॉरंटीचं काम तिथेच होतं, तो घ्या. या मापात ब्रँडवरून फार वाद घालण्यात अर्थ नाही. तारखेवर मात्र घाला. मिनी ट्रॅक्टरचे टायर मोठ्यांइतके खपत नाहीत, त्यामुळे जुना माल पडून असतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३२५ असेल तर २०२५ सालचा २३ वा आठवडा. दोन-तीन वर्षं दुकानात तापलेला टायर नव्या भावात घेऊ नका. ट्यूब नवीच टाका. बागेत तारेचे तुकडे आणि छाटणीच्या तिरक्या काड्या असतातच, ठिगळाची ट्यूब ऐन हंगामात दगा देते. रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर) ट्रॉलीला चालेल, इथे नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या मागच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय, तेव्हा पक्कं बिल मागा आणि त्यावर तेवढाच लागलाय ना ते बघा.

बसवताना समोर उभे राहा. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं तर मागच्या टायरच्या व्ही आकाराच्या नक्षीचं टोक वर असलं पाहिजे. बाजूला फिरायच्या दिशेचा बाणही असतो. उलटा बसला की माती बाहेर फेकली जाण्याऐवजी नक्षीत भरत राहते.

ब्लोअरच्या चाकांचं माप आणि बोदांमधला सपाट पट्टा किती इंच आहे ते कळवा, म्हणजे ब्लोअरला कितीपर्यंत रुंद टायर जाईल तेही सांगता येईल.