शब्दशंका : गोरखर म्हणजे गोरे गाढव का?

प्रश्न : कच्छच्या छोट्या रणातील रानगाढवांविषयीच्या एका लेखात त्यांना 'गोरखर' म्हटले होते. त्यांचा रंग फिकट असतो, म्हणून 'गोरा खर', अशी फोड मी केली. ती बरोबर आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या फोडीचा उत्तरार्ध बिनचूक आहे, पूर्वार्ध मात्र फसवा आहे. हा शब्द फारसीतून आला असून तेथे 'गोर' (आजच्या इराणी उच्चारात 'गूर') म्हणजेच रानगाढव आणि 'खर' म्हणजे गाढव. त्यामुळे रंगाशी त्याचा काही संबंध नाही. इसवी सन 420 ते 438 या काळात राज्य करणारा इराणच्या सासानी घराण्यातील राजा पाचवा बहराम या प्राण्याच्या शिकारीच्या नादामुळेच 'बहराम गोर' म्हणून प्रसिद्ध झाला. फारसीत 'गोर' म्हणजे थडगेही होत असल्याने, जन्मभर गोर पकडणाऱ्या बहरामला अखेर गोरनेच पकडले, असा श्लेष उमर खय्यामच्या नावावरील एका रुबाईत साधलेला आहे.

'खर' मात्र फारसीकडून उसना घ्यावा लागला नाही. संस्कृत खर, अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील खर आणि फारसी खर ही एकाच घरातली भावंडे आहेत. 'गोर'चे नातेही अभ्यासकांनी वैदिक 'गौर' या शब्दाशी जोडले आहे, पण तेथे त्याचा अर्थ रानटी बैल किंवा गवा असा करतात. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील चौथ्या सूक्तात, तहानलेला गौर 'इरिणा'तील पाण्याकडे धावतो तसा तू ये, असे इंद्राला विनवले आहे. इरिण म्हणजे ओसाड, खारवट जमीन, आणि कच्छच्या 'रण' या नावाचे मूळही अनेकजण याच शब्दात शोधतात. तहानेने खाऱ्या माळावर धावणारे जनावर गव्यापेक्षा रानगाढव म्हणून अधिक शोभते, असे मला वाटते. अर्थात हा केवळ माझा तर्क आहे.

फारसीत पुढे 'गोरखर' या शब्दाने वेगळीच वाट धरली. 1621 मध्ये जहांगीरच्या दरबारी एक झेब्रा आला, तेव्हा त्याने आपल्या आठवणींत त्याला गोरखरच म्हटले, आणि त्याचे पट्टे कोणी रंगवलेले तर नाहीत ना, हेही तपासून पाहिले गेले. आजच्या इराणमध्ये तर नुसते 'गूरखर' म्हटले की सामान्यतः झेब्राच समजला जातो.

छोट्या रणाच्या आसपासचे लोक या प्राण्याला 'घुडखर' म्हणतात. त्यातला 'घुड' आपल्या घोडदळातील घोड्याचाच भाऊ. ताठ उभी आयाळ आणि वेगवान धाव घोड्याची, तर शेपटीच्या टोकाचा गोंडा गाढवाचा, असे हे ध्यान असल्याने नाव चपखल बसले आहे. भुऱ्या अंगावर पाठीच्या कण्यावरून गडद तपकिरी पट्टा जातो आणि त्याच्या दोन्ही कडांना पांढरी किनार असते. शास्त्रीय नावातील 'हेमिओनस' हा ग्रीक शब्दही अर्धे गाढव असेच सांगतो. मराठीत सर्वसाधारण उल्लेखासाठी 'रानगाढव' पुरेसे आहे, पण कच्छच्या प्राण्याविषयी लिहिताना 'घुडखर' हे तिथलेच नाव वापरणे मला अधिक योग्य वाटते.