प्रश्न तुमचे : कॉलेजचा बेसबॉल आणि वाडीतली पोरं

प्रश्न : माझं बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालंय. राजापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर खेळ शिकवतो. बेसबॉलचा संघ उभा करायचाय आणि पुढेही याच क्षेत्रात राहायचंय. पण दर जूनला निम्मी मुलं मुंबईला जातात. काय करू?

उत्तर : आधी नोकरीचं. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदासाठी एम.पी.एड.ला किमान 55 टक्के (खुल्या प्रवर्गाला), नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि आंतरमहाविद्यालयीन किंवा त्यावरच्या स्पर्धेत खेळल्याची नोंद लागते. धावण्याची चाचणीही असते, तिशीच्या आतल्या पुरुषांना 12 मिनिटांत 1800 मीटर. खेळल्याची प्रमाणपत्रं आत्ताच जपून ठेवा.

आता संघाचं. मुलं जाणारच, तेव्हा संघाची मुळं वाडीत रुजवायला हवीत. आठवी-नववीची मुलं आज हाताशी धरलीत, तर अकरावीला येताना ती तयार फेक घेऊन येतील. शेजारच्या तीन-चार शाळांचे मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटा आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरचा एक तास मागा. सुरुवातीला टेनिस बॉल पुरे, बेस (धावणाऱ्याने गाठायचे टप्पे) एकमेकांपासून 18 मीटरवर ठेवा. शिमग्यात आणि गणपतीत शिबिर ठेवू नका, कोणी फिरकणार नाही. मे महिन्यात मात्र गावी आलेल्या जुन्या मुलांचा सामना नक्की लावा. वर्षभराचे बॉल आणि ग्लोव्ह बहुधा त्यांच्याकडूनच निघतात.

मुलं निवडताना क्रिकेटच्या बोलरपेक्षा सीमारेषेवरून थेट यष्टीवर फेकणाऱ्याकडे पाहा. बोलरच्या अंगात कोपर सरळ ठेवायची सवय मुरलेली असते आणि पिचरचा (बेसबॉलमध्ये बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्याचा) कोपर आधी वाकून मग सुटतो. ती सवय मोडण्यात वर्ष जातं. चांगला हात सापडला की सगळे त्यालाच फेकायला लावतात, आणि तिथेच खांदा जातो. 17-18 वर्षांच्या मुलाला एका दिवसात 105 च्या वर पिच (पिचरची एकेक फेक) टाकू देऊ नका. 30 पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी चालेल, 80 ओलांडले तर चार दिवस पूर्ण विश्रांती. वहीत आकडा लिहायला एक मुलगा बसवाच.

प्रश्न : मैदान आखताना चौकोन दर वेळी तिरका होतो. कुठे चुकतं?

उत्तर : बहुतेक वेळा दोरीत. काथ्याची दोरी ताणली की लांबते, म्हणून स्टीलची टेप घ्या. होम प्लेटच्या (बॅटरजवळच्या पाचकोनी पाटीच्या) मागच्या टोकाला खुंटी मारा आणि तिथून 38.80 मीटरवर दुसरा बेस ठेवा. मग या दोन्ही ठिकाणांहून 27.43 मीटरचे कंस काढा. ते उजवीकडे छेदतील तिथे पहिला बेस, डावीकडे तिसरा. पिचर जिच्यावर पाय ठेवून फेकतो ती पट्टी होमपासून 18.44 मीटरवर. ती कर्णाच्या बरोबर मध्यावर ठोकण्याची चूक फार होते. मध्य 19.40 वर येतो, म्हणजे पट्टी जवळजवळ एक मीटर मागे जाते आणि मुलांची सगळी फेक आखूड पडू लागते.

प्रश्न : आमचं मैदान सड्यावर, सगळा कातळ. स्लाइड (बेसवर घसरत जाणं) कशी शिकवावी?

उत्तर : कातळावर अजिबात नको. ओहोटीला पुळणीवर, ओल्या वाळूत, अनवाणी शिकवा. एक पाय दुमडून बुडाखाली, दुसरा सरळ, दोन्ही मुठी छातीवर. हात टेकला की मनगट जातं, उशिरा बसलं की गुडघा बेसवर आदळतो. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून सरावाचं वेळापत्रक घड्याळाऐवजी तिथीवर बांधा.

प्रश्न : पावसाळ्यात ग्लोव्हला बुरशी येते.

उत्तर : बंद पिशवीत ठेवल्यामुळे. ओला ग्लोव्ह कोरड्या फडक्याने पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलात तर चामडं तडकतं. वाळला की खळग्यात बॉल बसवून उघड्या फळीवर ठेवा. तेलाचा हात अगदी हलका फिरवा, थापलंत तर ग्लोव्ह जड होतो. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा सगळे ग्लोव्ह बाहेर काढून वास घ्या. बुरशी दिसण्याआधी कुबट वास येतो.