वाचक विचारतात : पहिले धनुष्य कोणते घ्यावे?

प्रश्न : मी मुलुंडला राहतो, वय 43 वर्षे असून बँकेत नोकरी करतो. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली, तेव्हापासून माझ्या मुलीने धनुर्विद्येचा ध्यास घेतला आहे. ती आता 13 वर्षांची आहे. आम्हा दोघांनाही स्पर्धा खेळायच्या नाहीत, रविवारी सकाळी दोन तास लक्ष्यावर बाण मारण्याचा आनंद हवा आहे. दोघांत मिळून एकच धनुष्य घ्यावे असा विचार असून त्यासाठी 15,000 रुपये बाजूला ठेवले आहेत. दुकानात मला 38 पाउंडाचे धनुष्य घेण्याचा सल्ला मिळाला, म्हणजे पुढे बदलावे लागणार नाही, आणि एक कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाके असलेले, धनुष्यही दाखवण्यात आले. काय घ्यावे?

उत्तर : सर्वप्रथम 38 पाउंडाचा विचार सोडून द्या, कारण पहिल्या धनुष्याच्या खरेदीत होणारी सर्वांत महागडी चूक हीच आहे. पाउंडाचा आकडा म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर बोटांवर आणि पाठीवर येणारा भार. हा भार एकदा पेलून भागत नाही. दोरी हनुवटीशी टेकवून, श्वास स्थिर करून, नेम लागेपर्यंत तो काही सेकंद धरून ठेवावा लागतो, आणि तेही एका सकाळी पन्नास-साठ वेळा. 24 पाउंड म्हणजे जवळजवळ 11 किलो. असे 60 बाण सोडले की साडेसहाशे किलो भार ओढून झालेला असतो, आणि 38 पाउंडाला हाच हिशेब हजार किलोच्या पलीकडे जातो. नियमित व्यायाम करणाऱ्या माणसालाही सुरुवातीला ते झेपत नाही, कारण खांद्याच्या पात्यांमधील हे स्नायू आपण रोजच्या कामात या रीतीने वापरतच नाही. भार झेपेनासा झाला की खांदा कानाकडे चढतो, दोरी हनुवटीपर्यंत येण्याआधीच सुटते, डाव्या हाताचे कोपर आत वळून त्यावर दोरीचा फटका बसतो, आणि या सवयी एकदा अंगात मुरल्या की त्या काढण्यास शिकण्यापेक्षा अधिक काळ लागतो. मी स्वतः पहिले धनुष्य 36 पाउंडाचे घेतले होते आणि त्यानंतरचे तीन महिने उजव्या खांद्याच्या दुखण्यात घालवले, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

आपल्यासाठी 22 ते 24 पाउंड आणि मुलीसाठी 16 ते 18 पाउंड पुरेसे आहेत. हे आकडे आपल्याला कमी वाटतील, परंतु 18 मीटरपर्यंतच्या लक्ष्यासाठी आपल्याला याहून अधिक काहीही लागणार नाही. धनुष्याच्या खालच्या पात्यावर, म्हणजे मुठीखालच्या वाकणाऱ्या भागावर, जो आकडा छापलेला असतो, तो दोरी 28 इंच ओढली असता येणारा भार असतो, हेही लक्षात घ्या. त्याहून कमी ओढणाऱ्याला इंचामागे साधारण दीड ते दोन पाउंड कमी भार येतो. आपली स्वतःची ओढ काढण्याची सोपी रीत अशी, की दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. हे अंतर 170 सेंटिमीटर असेल तर ओढ 68 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 27 इंच येते, आणि 24 पाउंडाची पाती आपल्या हातात प्रत्यक्षात 22 पाउंडाच्या आसपास भरतात.

प्रकार निवडताना लाकडी मुठीचे, तीन भागांत सुटे होणारे रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले, धनुष्य घ्यावे. मधली मूठ, जिला खेळाडू रायझर म्हणतात, आणि वरखाली बसणारी दोन पाती, असे त्याचे भाग असतात. सहा महिन्यांनी ताकद वाढली तर केवळ पाती बदलावी लागतात, मूठ तीच राहते. म्हणजे ‘पुढे बदलावे लागणार नाही’ ही जी गोष्ट दुकानात जड धनुष्याच्या बाजूने सांगितली गेली, ती खरे तर हलक्या पण सुट्या होणाऱ्या धनुष्यालाच लागू पडते. शिवाय मुंबईत राहणाऱ्याने प्रवासाचाही विचार करायला हवा. साडेपाच फुटांचे अखंड धनुष्य घेऊन लोकलच्या डब्यात चढणे आपल्यालाही त्रासाचे आणि इतरांनाही. सुटे केलेले धनुष्य मात्र खांद्यावरच्या पिशवीत मावते.

आता दोघांत एक धनुष्य हा आपला विचार. संपूर्ण धनुष्य सामायिक ठेवता येणार नाही, परंतु एक मूठ आणि त्यावर बसणाऱ्या पात्यांच्या दोन जोड्या अशी व्यवस्था उत्तम चालते. आपल्यासाठी 68 इंची धनुष्य होईल अशी जोडी घ्यावी आणि मुलीसाठी आखूड, 62 किंवा 64 इंचाची. दोन्ही जोड्या त्याच मुठीसाठी बनवलेल्या असाव्यात, आणि प्रत्येक जोडीला तिच्या लांबीची स्वतंत्र दोरी लागेल. यात एकच अट आहे : दोघांचा प्रबळ डोळा एकाच बाजूचा असला पाहिजे. दोन्ही तळहात पुढे करून त्यांच्यामध्ये लहान त्रिकोणी फट ठेवा, त्या फटीतून दूरची एखादी वस्तू पाहा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला वस्तू फटीतच दिसत राहते, तो प्रबळ डोळा. उजवा प्रबळ असेल तर दोरी उजव्या हाताने ओढायची आणि उजव्यांसाठीची मूठ घ्यायची. दोघांचे डोळे वेगळ्या बाजूंचे निघाले तर दोन धनुष्ये घेण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून पैसे देण्यापूर्वी ही तपासणी घरीच करून घ्या.

बाण मात्र दोघांचे वेगळेच हवेत, आणि हा काटकसरीचा नसून सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मुलीच्या ओढीला मापून कापलेला आखूड बाण आपण ओढला तर त्याचे टोक मुठीवरील बाण टेकवण्याच्या आधारावरून मागे घसरते आणि सुटल्यावर तो बाण धनुष्य धरलेल्या हातात शिरू शकतो. नवशिक्याचा बाण त्याच्या ओढीपेक्षा दोन इंच तरी लांब असावा. दोघांच्या बाणांची पिसे वेगळ्या रंगांची घ्या, म्हणजे घाईतही अदलाबदल होणार नाही.

धनुष्यापेक्षा बाण महत्त्वाचे, असे मी म्हटले तर ते अनुभवी खेळाडूंना पटेल. सुटताना बाण वाकतो आणि पुढे जाता जाता सरळ होतो. हे वाकणे धनुष्याच्या भाराशी जुळले नाही तर नेम अचूक असूनही बाण डावी-उजवीकडे जातो. बाणाच्या या ताठरपणाला स्पाइन म्हणतात. कार्बनच्या बाणावर त्याचा आकडा असतो आणि तो जितका मोठा तितका बाण लवचीक. आपल्या भाराला 800 ते 1000 या दरम्यानचे बाण पाहावेत. मुलीसाठी याहूनही लवचीक. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी सोडण्यापूर्वी हलकेच वाकवून, कान देऊन तपासा. तडकल्याचा आवाज आला किंवा चीर दिसली तर तो मोडून टाकून द्या, कारण तडकलेला बाण दोरीच्या झटक्याने फुटून त्याच्या काड्या हातात घुसतात. ॲल्युमिनियमचा बाण वाकतो, पण निदान वाकलेला दिसतो, त्यामुळे त्यालाही माझी हरकत नाही.

रकमेची वाटणी करायची तर निम्मी रक्कम मूठ आणि पात्यांवर, त्यानंतरचा मोठा वाटा दोघांच्या प्रत्येकी सहा बाणांवर, आणि उरलेल्यात बोटांसाठी फिंगर टॅब, हातासाठी आर्मगार्ड आणि दोरी चढवण्याचा स्ट्रिंगर. स्ट्रिंगरचे पैसे वाचवू नका. धनुष्य पायात अडकवून दोरी चढवल्याने पाती पिळली जातात. नेमदर्शक किंवा धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा, म्हणजे स्टॅबिलायझर, यांची सध्या गरज नाही. शिकारीची रुंद पाती असलेले बाण कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि लक्ष्याची गादी अशा बाणांनी फाटून जाते.

कंपाऊंडविषयी थोडक्यात. अदिती आणि ओजस हे दोघेही कंपाऊंडचेच खेळाडू आहेत, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये मिश्र सांघिक गटात या प्रकाराचा प्रथमच समावेश होत आहे, त्यामुळे मुलीला त्याचे आकर्षण असणे स्वाभाविक आहे. चाकांच्या रचनेमुळे पूर्ण ओढल्यावर त्याचा बहुतांश भार उतरतो. परंतु त्याची ओढ एका व्यक्तीच्या मापाला बसवलेली असते, दोरी बदलायलाही विशेष यंत्र लागते, आणि रिलीज (दोरी सोडण्याचे हातातले साधन), नेमदर्शक वगैरे साहित्यासह चांगले कंपाऊंड आपल्या रकमेत बसणार नाही. दोन वर्षांनी मुलीची गोडी टिकली तर तिच्यासाठी अवश्य विचार करावा.

आणि खरेदीच्या आधी कोणत्याही प्रशिक्षण केंद्रावर चार-सहा रविवार तेथील धनुष्यांवर शिका. आपल्याला किती पाउंड झेपतात हे शरीरच सांगेल.

प्रश्न : मी गिरगावात राहते. माझ्या मामाने त्यांचे बांबूचे आणि एक रिकर्व्ह अशी दोन धनुष्ये मला दिली आहेत. ती सात-आठ वर्षे माळ्यावर पडून होती. वापरता येतील का?

उत्तर : तपासल्याशिवाय ओढू नका. प्रथम पात्यांच्या कडांवरून कापसाचा बोळा सावकाश फिरवा. जेथे तंतू अडकेल तेथे चीर आहे असे समजा, आणि चीर असलेले धनुष्य कितीही आवडते असले तरी भिंतीवर लावून ठेवा. नंतर स्ट्रिंगरने दोरी चढवून टोकाकडून पाहा : दोरी दोन्ही पात्यांच्या मधोमध दिसली पाहिजे, एका बाजूला सरकलेली दिसली तर पाते पिळलेले आहे. मुंबईचा दमटपणा आणि माळ्यावरची उष्णता यांनी लाकडाच्या थरांमधील गोंद सुटतो, म्हणून थर उकललेत का हेही पाहा. जुनी दोरी काहीही झाले तरी टाकून द्या.

बांबूचे धनुष्य शाबूत निघाले तर त्याला कमी लेखू नका. आपल्याकडच्या इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारात अशाच धनुष्याने, कोणत्याही नेमदर्शकाविना, 30 आणि 50 मीटरवर बाण मारले जातात, आणि नामवंत खेळाडूंपैकी अनेकांचा पहिला बाण बांबूच्याच धनुष्यातून सुटलेला आहे. मात्र प्रत्येक सरावानंतर दोरी उतरवा आणि पावसाळ्यात ते स्वयंपाकघरापासून दूर, कोरड्या जागी आडवे ठेवा. आणखी एक : बाण न लावता दोरी ओढून सोडण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. बाणाला मिळायची ती सारी शक्ती अशा वेळी पात्यांतच राहते आणि जुने धनुष्य त्याने जागच्या जागी तुटू शकते. घरी पाहुणे आले की हटकून हेच करतात.

प्रश्न : विक्रोळीत आमच्या सोसायटीची गच्ची 20 मीटर लांब आहे. सचिवांची परवानगी मिळाली तर तेथे सराव केला तर चालेल का?

उत्तर : नाही. परवानगीने बाणाची दिशा बदलत नाही. 22 पाउंडाच्या धनुष्यातून थोडा वर सुटलेला बाण शंभर मीटरच्या पलीकडे सहज जातो, आणि गच्चीच्या कठड्याखाली रस्ता आहे, खिडक्या आहेत, माणसे आहेत. भिंतीवर आपटलेला बाण उलटा येतो, ते निराळेच. सार्वजनिक बागा आणि राष्ट्रीय उद्यानाचा परिसर यांनाही हेच लागू आहे. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे असून प्रत्येकाचे जिल्हा क्रीडा अधिकारी आहेत. आपल्या उपनगर जिल्ह्याच्या कार्यालयात धनुर्विद्येच्या केंद्रांची चौकशी करा, आणि केंद्र पाहायला जाल तेव्हा लक्ष्यामागे जाळी किंवा मातीचा बांध आहे का, सर्वांचे बाण संपल्याची शिट्टी झाल्याशिवाय कोणी पुढे जात नाही ना, एवढे नीट पाहा. गच्चीवर व्यायामाचा रबरी पट्टा दोन हातांत धरून ओढण्याचा सराव मात्र निःशंक करा : डावा हात सरळ, उजवे कोपर मागे, पट्टा हनुवटीशी, मनात पाचपर्यंत मोजणे, आणि सावकाश परत. असे दिवसातून वीस वेळा केले तर केंद्रावरच्या पहिल्या रविवारी हात थरथरणार नाही.